गिरणीतल्या पोरीनं शिवलेली पत्रकं

लीड्समधल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मी कॅटलॉग लिहायचे. जागा तळघरात, खिडकी नाही. माझा व्हिसा दुकानाच्या स्पॉन्सरशिपवर होता. नोकरी गेली असती तर दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर मुलीला शाळेतून काढून परत जायचं.

एके दिवशी लँकशायरहून एक आजीबाई पत्रकांचं एक बाड विकायला घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझ्या पणजीच्या आईचं आहे. माझ्यामागे सांभाळणारं कुणी नाही."

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे पहिले प्रचारक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून इंग्लंडला आले, तेव्हा त्यांनी इथल्याच छापखान्यांत छापून वाटलेली ती पत्रकं. कागद हलका. लोकांनी वाचली, फेकली, म्हणून आता मिळत नाहीत. आजीबाईंच्या पणजीची आई तेव्हा गिरणीत काम करणारी पोर होती; तिनं बारा पत्रकं दोऱ्यानं एकत्र शिवली होती. कुठलं पत्रक कुणाच्या घरच्या सभेत मिळालं, ते पेन्सिलीनं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर होतं: भावंडं पंथाच्या लोकांबरोबर लिव्हरपूलहून जहाजानं अमेरिकेला गेली, आई आजारी म्हणून मी राहिले.

बाड विकत घेतल्यावर मालक मला म्हणाला, "पत्रकं सुटी कर. एकेक विकू, जास्त पैसे येतील. पेन्सिलही पुसून टाक."

"नको, प्लीज. प्रचारकांनी काय सांगितलं ते दुसरीकडेही सापडेल. ते ऐकणाऱ्या बाईचं काय झालं, ते फक्त इथे आहे. शिवण उसवली की संपलं."

"तुला इथे राहायचंय ना?" त्यानं आवाजही चढवला नाही.

घरी नवरा म्हणाला, "अगं, बरोबर तुझंच आहे. पण आत्ता नको." मी त्याच्यावर चिडले, कारण माझ्याही मनात तेच होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि मग दोरा कापला. पेन्सिल मात्र पुसली नाही. कागद फाटेल म्हणून सांगितलं. प्रत्येक वर्णनात लिहिलं की हे बारांपैकी एक आहे. मालकानं ती ओळ खोडली.

फोटो मी आजीबाईंना पोस्टानं पाठवले. त्यांचा फोन आला.

"बाड कुठे आहे?"

"बारा ठिकाणी गेलं."

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही सांभाळाल."

मी सॉरी म्हटलं. व्हिसाचं कारण ओठांवर आलं होतं, पण सांगवलं नाही. पुढची दोन वर्षं, कायमचं राहायची परवानगी हातात येईपर्यंत, मी तळघरातल्या त्याच टेबलाशी बसत राहिले.