मोती ओढ्याची सोयरीक

"बसा. आधी कुंकू लावते, मग भांडू."

असं म्हणेपर्यंत मावशींचं बोट करंड्यात बुडालेलं असायचं. तुमच्याही आळीत अशी एखादी बाई असेल. नाशिकच्या कडेला, आमच्या कॉलनीमागे त्यांचा झेंडूचा मळा. पाणी मोती ओढ्याचं. त्यावर स्लॅब टाकून रस्ता करायचं पालिकेनं ठरवलं. ओढा झाकला की मळा संपला. मावशींनी मोर्चा काढला नाही, हळदीकुंकू ठेवलं.

त्या विधवा, म्हणून कुजबुज झालीच. "नवरा गेला, पाणी हाय ना अजून?" त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे उखाण्यात नवरा चालत नसे, आपापल्या पाण्याचं नाव घ्यायचं.

पहिलं बोलावणं गेलं सायखेड्याच्या बायकांना. मी विचारलं, त्या कशाला?

"भाऊ, आपलं पाणी गोदावरीतून तिकडंच नांदायला जातं. त्या विहिणी झाल्या. लेकीवर संकट आलं तर विहिणींना सांगाया नको?"

विहिणी टेम्पो भरून आल्या आणि चहा आधी कॉलनीला दिला म्हणून रीतसर रुसल्या. त्यांची समजूत काढण्यात सभा संपली.

मग मुंबईच्या एका संस्थेने नद्या वाचवणाऱ्या परदेशी मंडळींशी व्हिडिओ कॉल जुळवून दिला. इंग्रजीपुरता मी. ओझरला विमानांचे भाग जोडणारा माणूस, अंगणात मोबाइल धरून उभा! मावशींनी पडद्यावरच्या प्रत्येक चेहऱ्याला कुंकू लावलं. बोट चुकून बटणाला लागून दोघांचे आवाज बंद झाले. केनियाच्या बाईने लिपस्टिकचा टिळा लावून घेतला, ब्राझीलच्या दाढीवाल्याने टोमॅटो सॉसचा.

"समुद्र एकच ना? हे लांबचे व्याही," मावशींनी निकाल दिला आणि व्याह्यांना नाव घ्यायला लावलं. दाढीवाला लाजला, हो, चक्क लाजला, आणि त्याने आपल्या नदीचं नाव घेतलं.

आम्ही पोट धरून हसलो. खोदाईचं यंत्र आलं त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. मावशींनी यंत्राला कुंकू लावलं, चालकाला लावलं, सोबत आलेल्या पालिकेच्या साहेबांना लावलं. साहेब चांदवडकडचे.

"नाव घ्या."

साहेबांनी बायकोचं घेतलं.

"बायकोचं नाय. तुमच्या गावच्या ओढ्याचं."

साहेब आठवत राहिले. "होता एक. आता त्याच्यावर बाजार भरतो. नाव... आईला माहीत होतं."

त्यांनी यंत्र माघारी पाठवलं, फेरमोजणी करू म्हणाले. परदेशी व्याह्यांची पत्रंही वरपर्यंत पोचली होती म्हणतात. काम नक्की कशाने थांबलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या दिवाळीआधी, झेंडू ऐन भरात असताना मावशी गेल्या. आणि परवा ओढ्याकाठी पुन्हा मोजणीच्या चुन्याच्या रेघा दिसल्या.

सायखेड्याला निरोप गेला, विहिणी आल्या. कॉल लागला. मी इंग्रजीत बोलायला तोंड उघडलं, तर पडद्यावरच्या सगळ्यांनी मुकाट्याने कपाळं पुढे केली. दाढीवाल्यानेसुद्धा. मला रडू आवरेना. विहिणींनी करंडा माझ्यापुढे सरकवला.

मी बोट बुडवलं, पहिल्या कपाळाला टेकवलं. ब्राझीलचा आवाज बंद झाला.

"आता नाव घ्या, व्याही," विहिणी मला म्हणाल्या.

मी मोती ओढ्याचं नाव घेतलं.