आमचे डोंगे कुठी बांधाचे?

आमच्या गावात वैनगंगेचा घाट नव्याने बांधून तिथे हाऊसबोटी लावायचा प्रस्ताव आला, तेव्हा सरकारी साहेबांनी गावात सभा घेतली. घाटावर डोंगे, म्हणजे लहान होड्या, बांधून मासेमारी करणारी सगळी घरं विरोधात होती, आमचंही. मी मात्र नोकरीच्या आशेने उभी राहून म्हणाले, "चांगलंच होईल." बाबा माझ्या मागेच बसले होते. त्यांनी साहेबांना एवढंच विचारलं, "मंग आमचे डोंगे कुठी बांधाचे, भाऊ?"

खालच्या वळणावर, असं उत्तर आलं. तिथे गुडघाभर चिखल असतो.

घरी येताना मी विचारलं, "बाबा, रागावले का?"

"नाई वं. तुले वाटलं ते तू बोलली."

मंजुरी आली. बाबांनी डोंगा पुतण्याला देऊन टाकला आणि नदीवर जाणंच सोडलं. आता मी आरमोरीच्या बाजारातून मासे आणते. बाबा ते जेवतात. मी माझ्या वाटचा मासा ताटाच्या कडेला सारते.