एकनाथभाऊंची मनमिळाऊ माणसं

ह्यांच्या कंपनीची बस सात दहाला नाक्यावर येते. त्यामुळे सात वाजता माझ्या एका हातात डबा, दुसऱ्यात सांडशी आणि नजर दुधावर असते. एक्याण्णवच्या एप्रिलमध्ये एकदा नेमकी त्याच वेळी दाराची कडी वाजली. दूध उतू गेलं, डब्यात लोणचं घालायचं राहिलं, आणि दार उघडलं तर एक साठीचा काटकुळा माणूस गोणीला टेकून दम खात उभा. चष्म्याची एक काडी गेलेली, तिच्या जागी दोरा.

"वयनी, जुने पेपर पायजेत म्हनून लायब्ररीत चिठ्ठी लावलीय, ती तुमीच ना?"

मीच. आमच्या पालघरातल्या एका वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती आणि स्मरणिका निघायची होती. मी इतिहासात बी.ए. केल्याचं एकदा भिशीत बोलून गेले होते. त्याची शिक्षा म्हणून 'आपला परिसर, आपली माणसं' हा विभाग माझ्याकडे आला होता. सोबत अध्यक्षांची एकच सूचना होती: कटुता नको.

गृहस्थ सातपाटीचे, एकनाथ तांडेल. बर्फाच्या कारखान्यात कारकून होते, आता निवृत्त. शिवाय 'किनारा-वृत्त' नावाच्या साप्ताहिकाचे गावातले वार्ताहर. साप्ताहिक बंद पडून दोन वर्षं झाली होती, पण वार्ताहर चालू होते. गोणीत वीस वर्षांचे अंक होते.

"सगले हायेत," ते म्हणाले. "फकस्त एक नाय. अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरचा. तो तुमाला कुठं घावला तर मला सांगा. माझी आय त्यात हाय."

मी चहा ठेवला. चहाबरोबर हकिगत आली. आई, हिराबाई, त्या नोव्हेंबरात गेली. गावातल्या प्रत्येकाची निधनवार्ता एकनाथभाऊच लिहीत, तशी आईचीही त्यांनीच लिहिली आणि कोणाच्या तरी हाती छापखान्यात पाठवली. पुढच्या आठवड्यात गावाचा चाळीस अंकांचा गठ्ठा एस.टी.ने आला, तेव्हा ते सुतकात घरी बसलेले. गठ्ठा उतरवून घेतला चुलतबहीण हंसाने. हंसा सुकी मासळी विकायची.

"हंसीने चाळीसच्या चाळीस अंकांत जवला बांधला आणि मनोरच्या बाजारात इकला. माझी आय पेपरात आली, ती थेट लोकांच्या सैपाकघरात गेली."

"मग संपादकांकडून का नाही घेतला?"

"इचारलं ना. 'छापलंय रे बाबा' म्हनले. त्यावर फाइल दाखवा म्हटलं असतं, तर मानूस म्हनला असता की याचा माझ्यावर भरवसा नाय." त्यांनी बशी खाली ठेवली. "वयनी, बाकीच्यांचं लिवायचं तसं लिवलं. आयचं तेवढं खरं लिवलंय. येकदा डोल्यानं बघायचंय."

मी अंक वाचायला घेतले. इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने पहिले दोन दिवस मी भारावून वाचलं. तिसऱ्या दिवशी मला शंका आली. सातपाटीत सगळेच अल्पशा आजाराने जात होते. सगळेच मनमिळाऊ होते, धार्मिक वृत्तीचे होते, आणि प्रत्येकाच्या जाण्याने गावात हळहळ व्यक्त होत होती. वीस वर्षांत एकाही तिरसट माणसाला त्या गावात मरण आलेलं नव्हतं.

एकनाथभाऊ दर शुक्रवारी दवाखान्यात यायचे, तेव्हा आमच्याकडे डोकावायचे. मी अंक पुढे केला.

"हे नामदेव. अल्पशा आजाराने?"

"होडीवरनं पडला वादलात. तीन दिवसांनी मिलाला."

"मग आजार कुठला?"

"अल्पसा," एकनाथभाऊ म्हणाले. "बुडायला कितीसा येल लागतो?"

"आणि हे दादू? मनमिळाऊ?"

"त्याने जालं वालत टाकायच्या जागेवरनं सख्ख्या भावाचं डोकं फोडलं होतं. पन भाव मयताला आला, हमसून रडला. मग मी काय लिवनार?"

"भाऊ, असं कसं चालेल? मला खरी माणसं हवीत."

"खरी मानसं पेपरात कशाला शोधता?" ते खरंच आश्चर्याने म्हणाले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी सदऱ्याखालून एक लांबडी वही काढली. स्मशान समितीचं रजिस्टर. समितीचे चिटणीसही अर्थातच तेच. नाव, वय, लाकूड किती मण, अग्नी कोणी दिला, आणि शेवटचा रकाना, शेरा.

समितीतली मंडळी लाकडाचा रकाना तपासायची आणि सही करायची. शेरा वाचायचं कोणाला कधी सुचलं नव्हतं. त्यामुळे एकनाथभाऊंनी त्या दोन बोटं रुंदीच्या रकान्यात सबंध गाव लिहून ठेवलं होतं. नामदेवपुढे: 'वादळाची खबर होती. मालकाने तरी पाठवला.' दादूपुढे: 'भाऊ रडला. जागेचा वाद संपला म्हणून की काय, कळले नाही.' एका शाळामास्तरांपुढे: 'भाषणे पाच. खांदेकरी तीन, चौथा मी.' पेपरात याच मास्तरांसाठी 'अलोट जनसमुदाय' लोटला होता.

मी हसत पानं उलटत गेले, आणि शेवटच्या पानांवर थांबले. तिथे पुरलेल्या तान्ह्या मुलांची यादी होती. नावं नव्हती. 'अमक्याचा मुलगा, दिवस चार.' 'तमक्याची मुलगी, महिना एक.' शेऱ्याचा रकाना प्रत्येक ओळीपुढे कोरा.

"इथं काय लिवनार?" एकनाथभाऊ म्हणाले. त्या दिवशी ते वही ठेवून, चहा न घेताच गेले.

मधल्या एका पानावर त्यांची आई होती. 'हिरा. वय सत्तरच्या पुढे. लाकूड ओले, दोनदा विझली. माणसे दोनशे. त्यांतली निम्मी तिच्याशी बोलत नव्हती. तरी आली.' अग्नी कोणी दिला, त्या रकान्यात स्वतःचं नाव.

आता मलाही तो अंक पाहावासा वाटायला लागला. ज्या माणसाने गावभर मनमिळाऊपणा वाटला, त्याने स्वतःच्या आईपुरता हात आवरला आणि ते छापूनही आलं, हे मला स्मरणिकेतल्या सगळ्या मान्यवरांपेक्षा मोठं वाटत होतं.

'किनारा-वृत्त'चे संपादक भगवंतराव आता फक्त लग्नपत्रिका छापत. छापखान्यात शाईचा आणि हळदीकुंकवाचा मिळून एक वास होता. फायली त्यांनी नीट बांधून ठेवल्या होत्या. नोव्हेंबर अठ्ठ्याहत्तर त्यांनी पाच मिनिटांत काढून दिला. पान तीन. कुंभवलीतल्या एका नव्या कारखान्याला हार्दिक शुभेच्छा, आणि त्या शुभेच्छांखाली सहा ओळी.

'सातपाटी येथील श्रीमती हिराबाई तांडेल यांचे नुकतेच अल्पशा आजाराने निधन झाले. त्या मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या जाण्याने गावात हळहळ व्यक्त होत आहे.' खाली परिवार.

मी दोनदा वाचलं. "हे एकनाथभाऊंनी लिहिलंय?"

"छे हो!" भगवंतराव पत्रिका मोजता मोजता थांबले. "त्यानं भलतंच लिहून पाठवलं होतं. दुःखात माणसाचं भान जातं. अजून आठवतं मला. 'हिराबाई भांडखोर होत्या. त्यांचा आवाज बंदरातून होड्यांपर्यंत जाई. त्यांनी कोणाला शिळी मासळी विकली नाही आणि कोणाचं ऐकून घेतलं नाही.' आता हे छापायचं का, तुम्हीच सांगा. गावाने त्याला काय म्हटलं असतं? त्याचाच आधीच्या आठवड्याचा मजकूर घेतला आणि नाव बदललं."

"त्यांना सांगितलंत?"

"कशाला? उपकार काय बोलून दाखवायचे असतात?" ते मनापासून म्हणाले. आणि खरं सांगायचं तर ते उपकारच होते. म्हणून तर मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

स्टेशनाजवळ पानाची झेरॉक्स काढली आणि गुरुवार सगळा विचारात घालवला. हे म्हणाले, "सांग की अंक नाही मिळाला. तेरा वर्षं तो खूश आहे." रात्री मला ते पटलं. सकाळी पटेना. जो माणूस वहीच्या एका रकान्यात तरी खोटं लिहीत नव्हता, त्याच्याशी मी कुठल्या तोंडाने खोटं बोलणार?

शुक्रवारी मी कागद त्यांच्या हातात दिला. भगवंतराव काय म्हणाले तेही सांगितलं. त्यांनी दोरा कानामागे नीट केला आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचलं. सहा ओळींना बराच वेळ लागला.

"अल्पसा आजार," ते म्हणाले. "दोन वरसं खाटंवर होती. खाटंवरनं पन भांडायची." मग बोट पुढे सरकलं. "मनमिलाव." ते हसायला लागले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसत राहिले. "चोरी केली म्हनायची पन सोय नाय, वयनी. शबुद सगले माझेच हायेत."

मी उगाचच बिस्किटांची बशी पुढे केली.

"हंसीला तेरा वरसं शिव्या घातल्या मी," ते म्हणाले. "बरं केलं तिनं जवला बांधला. गावात हा कोनी वाचला असता तर म्हनला असता, येकनाथने आयला वलखलीच नाय."

त्यांनी कागदाची बारीक घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि उठले. दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला. मग माझ्याकडे न बघता, कडीवर हात ठेवून म्हणाले,

"वयनी, तुमच्या त्या पुस्तकात आयची येक ओल घाला. हिरा भांडखोर होती, येवढंच लिवा."