तीन नंबरचा ढीग आणि खडूच्या दोन खुणा

"तुमचा कॉम्प्युटर म्हनते सब ठीक हाय. अन् चाचा म्हनते ढीग खोला. मी कोनाचं ऐकू?" गिरीशभाऊंनी मलाच विचारलं.

राळेगावच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या आवारात भर दुपारी आम्ही तिघं उभे होतो. जिनचे मालक गिरीशभाऊ, तिथले जुने फिटर रफीकचाचा आणि लॅपटॉप छातीशी धरलेली मी. समोर कापसाचा तीन नंबरचा ढीग, दुमजली घराएवढा.

मी यवतमाळची. पुण्यात सहा वर्षं कोड लिहून परत आले होते आणि आपल्या भागातलं हे माझं पहिलं काम. त्यामुळे अंगात वारं शिरलं होतं.

सरकी न काढलेला कापूस ओलसर असताना ढिगात गेला, की आतून तापत जातो. वरून पांढराशुभ्र दिसतो आणि एक दिवस पोटातून पेट घेतो. त्या वर्षी बोंडअळीनं शिवारंच्या शिवारं खाल्ली होती, उरलं ते वेचणीच्या वेळी भिजलं होतं. भाऊंकडे जेमतेम एका पाळीपुरता माल आला होता. "हा ढीग गेला तर मी यंदा गेट बंद करतो," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे चाचा आणि तिथल्या तीसेक बायांचं काम त्या ढिगावर होतं.

मी प्रत्येक ढिगात तापमान मोजणारे सेन्सर खुपसले होते. प्रोग्राममध्ये 'तापमान' ही ढिगाची प्रॉपर्टी. प्रॉपर्टी म्हणजे इथे सातबारा नव्हे, वस्तूचा एक गुण. पद्धत रिअॅक्टिव्ह प्रोग्रामिंगची. म्हणजे आपण सारखं "किती झालं, किती झालं" विचारत बसायचं नाही. गुण बदलला की तोच हाक मारतो. मला ही पद्धत भयंकर आवडते, कुणी विचारलं नाही तरी मी सांगत सुटते.

तिच्यात एक अडचण आहे. हाक मारताना ती नवा आकडा सांगते, जुना विसरते. आणि नुसत्या आकड्यावरून ढिगाचं काही कळत नाही. चाळीस अंश एका ढिगाला नेहमीचे, दुसऱ्याला धोक्याचे. किती होतं आणि किती झालं, दोन्ही हवं. म्हणून मी येणाऱ्या आकड्यांच्या जोड्या लावल्या होत्या, जुना आणि नवा. फरक पाच अंशांच्या वर गेला की भोंगा वाजणार. स्क्रीनवर मोठ्या हिरव्या अक्षरात तेवढा फरक दिसायचा.

त्या दुपारी स्क्रीनवर होतं, 'फरक: १'. भोंगा गप्प.

"चाचा, एकच अंश वाढलाय," मी म्हटलं. माझ्या आवाजात थोडा तोरा होता, हे कबूल करते.

"बेटा, तुह्या मशीनचं मले मालूम नाही. माही सळई पाहून घे."

चाचांची सळई म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी कांब. ती ढिगात खुपसायची, थोड्या वेळानं ओढायची आणि टोकापासून किती वरपर्यंत गरम लागते ते हातानं चाचपून तिथे खडूनं खूण करायची. प्रत्येक ढिगाची सळई वेगळी. तीन नंबरच्या सळईवर दोन खुणा होत्या, एकमेकींपासून वीतभर लांब.

"ही सकाळची, ही आत्ताची. इतकी वर कायले जाईन सांग बरं?"

"ढीग खोलाचा म्हनजे जिन बंद ठेवा लागते, चाचा," भाऊ वैतागले. "आधा दिवस जाते!"

"मंग अजून एक बार पाहून घेतो," म्हणत चाचांनी सळई पुन्हा खुपसली. काही वेळानं ओढली, चाचपली, खडू काढला. खूण करण्याआधी त्यांनी अंगठ्यानं सकाळची खूण पुसली. मघाची तशीच ठेवली.

"ती काहून ठेवली?" मी विचारलं.

"ते आता जुनी झाली ना! दोन्ही पुसल्या तर नवी कशाशी मोजू?"

माझा प्रोग्राम दोन्ही पुसत होता.

तिथेच जमिनीवर बसून मी मूळ आकडे उघडले. छत्तीस, सदतीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. माझी पहिली जोडी छत्तीस-सदतीस, फरक एक. ती संपली, दुसरी सुरू झाली, चव्वेचाळीस-पंचेचाळीस. पुन्हा फरक एक. सदतीसवरून चव्वेचाळीसची उडी दोन जोड्यांच्या मधोमध पडली होती आणि ती कुणी पाहिलीच नव्हती!

"भाऊ, ढीग खोला! चुकी माझी आहे, चाचा बरोबर आहेत!"

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जिन बंद करायला धावले. पट्टे थांबले. बाया टोपल्या घेऊन आल्या, गड्यांनी दाताळ्यांनी कापूस ओढायला सुरुवात केली. मीही ओढणी कमरेला खोचून घुसले. हातभर आत गेल्यावर वाफ आली. आणखी आत कापूस तांबूस, हात लावू देईना. मग एक करपलेला गोळा निघाला आणि हवा लागताच धुमसायला लागला. "पानी! पानी टाका!" चाचा ओरडले. बादल्यांवर बादल्या पडल्या. ज्वाळा उठली नाही.

गाडीभर कापूस वाया गेला. बाकीचा ढीग वाचला. मला इतका आनंद झाला की सरकी चिकटलेल्या हातांनी मी चाचांचे हात धरून गदगदा हलवले. ते लाजून म्हणाले, "सोड वं बेटा, लोकं पाहून राह्यले."

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. जोडी दोनाचीच, पण दर वेळी एकच घर पुढे सरकायची, म्हणजे आजचा नवा आकडा उद्याचा जुना म्हणून हातात राहतो. त्यासाठी कोडमध्ये एक आकडा वाढवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनचे पट्टे पुन्हा फिरले, बाया कामाला लागल्या. भाऊंनी मला ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, हे बसवाच्या आधी तुमी तपासलं नोतं का?"

तपासलं होतं. तीस आणि चाळीस असे दोन आकडे दिले होते आणि भोंगा झकास वाजला होता. दोन आकड्यांची जोडी एकच, दोन जोड्यांमधली फट दिसणार कुठून? तेव्हापासून मी चाचणीला कमीत कमी तीन आकडे घेते.