सोळा वर्षं काकांची सही

लिफ्टमिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी त्या इमारतीची लिफ्ट ऐकतो, मग यजमानांना नमस्कार करतो. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीलाही तो उशिरा पोचला होता, कारण तिसऱ्या मजल्यावरचा दरवाजा नीट लागत नव्हता आणि तो तसाच सोडून पुढे जाणं त्याला जमलं नाही. सासऱ्यांनी तेव्हाच ओळखलं, मुलगा कामाचा आहे, बोलण्याचा नाही.

आता मिस्त्रीचं वय एकोणचाळीस वर्षं, आठ महिने. घरात हा आकडा सगळ्यांना पाठ होता, कारण चाळिशी उलटली की परदेशात कायम राहण्याच्या अर्जातले वयाचे दहा गुण जाणार होते.

मार्ग दोन. मेहुण्याने ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून फ्रिजवर चिकटवले होते. हिरवा मार्ग गुणांचा: वय, भाषा, शिक्षण, अनुभव मिळून पासष्ट भरले की थेट कायमचा परवाना, हवं तिथे राहा. लाल मार्ग नोकरीचा: तिथल्या कंपनीने बोलवायचं, तीन वर्षं ती सांगेल त्या गावात तिचंच काम करायचं, मग कायमसाठी अर्ज. मिस्त्रीची बायको दातांच्या कवळ्या बनवते. आपल्याला काम मिळायचं तर मोठं शहरच हवं, असा तिचा हिशेब होता.

"लाल मार्गाने गेलो तर तीन वर्षं मी काय करू? खिडकीतून गाई बघू?" ती म्हणाली.

हिरवा ठरला. भाषेच्या तोंडी परीक्षेत मिस्त्रीला म्हटलं, आवडलेल्या एका प्रवासाबद्दल दोन मिनिटं बोला. त्याने नव्या लिफ्टमधून तळमजल्यावरून सातव्या मजल्यापर्यंतचा प्रवास सांगितला. बावीस सेकंदांत तो वर पोचला आणि गप्प बसला. तरी काठावर पास झाला.

उरला अनुभव. त्यासाठी कामाच्या नोंदी हव्या होत्या. गच्चीवरच्या प्रत्येक लिफ्टखोलीत खिळ्याला एक कार्ड लटकत असतं. महिन्याची देखभाल झाली की मिस्त्रीने त्यावर तारीख, काम आणि सही टाकायची. मेहुणा फोन घेऊन मिस्त्रीबरोबर अकरा गच्च्या चढला. अकराव्या गच्चीवर तो धापा टाकत म्हणाला, "भाऊजी, तुमची सही कुठंय?"

सही नव्हतीच. सगळ्या कार्डांवर काकांची सही होती. काका म्हणजे मिस्त्रीच्या कंपनीचे मालक, नात्याने कुणाचेच नाहीत. सोळा वर्षांपूर्वी सोसायट्यांचे सेक्रेटरी नव्या पोराची सही चालवून घेईनात, तेव्हा काका म्हणाले, "माझी मार." त्याने मारली. पुढे कुणी थांब म्हणालं नाही, म्हणून तो मारतच राहिला.

याचा अर्थ, कागदोपत्री मिस्त्रीने सोळा वर्षं बोटही हलवलं नव्हतं. उलट एकसष्ट वर्षांचे, गुडघ्यांमुळे स्टुलावरही न चढणारे काका रोज तीन गच्च्या चढत होते. मेहुण्याने उत्साहाच्या भरात काकांचेच गुण मोजले.

"म्हणजे मला नेतील?" काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"वय आडवं येतंय, काका. पंचेचाळीसच्या पुढे अर्जच घेत नाहीत."

"थोडंसंच ना?"

"सोळा वर्षं."

काका दोन दिवस रुसले. मग स्वतःहून प्रतिज्ञापत्र करून दिलं की कार्डांवरची सगळी कामं या मुलाने केली आहेत, सह्या माझ्या नावाने आणि माझ्याच सांगण्यावरून केल्या आहेत. खाली खरीखुरी सही केली. तीन आठवड्यांनी तिकडच्या कार्यालयाचं उत्तर आलं: नोंदींवर ज्यांच्या नावाने सही आहे त्या मालकांनीच हे पत्र दिलं, याची खात्री पटत नाही. प्रतिज्ञापत्रावरची सही कार्डांवरच्या सहीशी जुळत नाही.

काकांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या. "तुझी जास्त चांगली आहे रे," ते म्हणाले.

"मग सोपं आहे," मेहुणा म्हणाला. "नवीन प्रतिज्ञापत्र करू. काकांची सही भाऊजीच मारतील. काका, तुमची हरकत?"

"मला काय हरकत!"

मिस्त्रीने पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. "कार्डावर सही माझी नव्हती, पण काम झालेलं होतं. इथे सहीसुद्धा खोटी आणि काम काहीच नाही. मी नाही मारणार."

"अहो, पण वाढदिवसाला सहा आठवडे राहिलेत!" बायको म्हणाली.

"माहितीय. ही नाही मारणार."

ती उठून आत गेली आणि अर्धा तास कवळ्या घासण्याचा आवाज येत राहिला.

उरला लाल मार्ग. त्यावर कार्डं कुणी मागत नव्हतं. तिथल्या कंपनीने हाताचं काम पाहून दाखला दिला की पुरत होतं. मेहुण्याने तिकडच्या एका कंपनीला अर्ज पाठवला आणि प्रात्यक्षिक व्हिडिओवर झालं. फोन धरायला काका होते, त्यामुळे तिकडच्या फोरमनला पहिली दहा मिनिटं काकांचं नाकच दिसलं. नंतर मात्र फोरमनने सांगून बिघडवलेली लिफ्ट मिस्त्रीने चार मिनिटांत चालू केली, आणि न सांगितलेला दुसरा बिघाडही काढून दाखवला. आठवड्यात नोकरीचं पत्र आलं.

गाव लहान होतं. मिस्त्रीने पत्र बायकोपुढे ठेवलं आणि स्वतः बाजूला उभा राहिला.

"त्या फोरमनला फोन लावा. मला बोलायचंय," ती म्हणाली.

तिने विचारलं, गावात कवळ्या कोण बनवतं? फोरमन म्हणाला, कुणीच नाही, नव्वद किलोमीटरवरून येतात, त्याही महिन्याने. पुढे त्याने विचारलं, का, तुम्हाला येतात का? माझ्या सासूची सैल झाली आहे. बायकोने सासूबाईंचं वय, वरची की खालची, किती वर्षं वापरतात, सगळं लिहून घेतलं. मिस्त्रीच्या नोकरीबद्दल त्या फोनवर एक शब्दही निघाला नाही.

फोन ठेवून ती म्हणाली, "खालची आहे. खालची अवघड असते."

"मग? नाही कळवू?"

"नाही कशाला? हो कळवा. आणि सासूबाईंना सांगा, तोवर कडक काही खाऊ नका."