वारलूचा रेडिओ

वारलू ढिवराकडं पंचायतीच्या रेडिओची किल्ली होती, अन् तो नागपूर केंद्र सोडून काई लावतच नव्हता. "सरकारचा डब्बा हाय, सरकारच बोलन!" पण धानाच्या किडीवरचं भाषण आयकाले कुत्रंही फिरकत नव्हतं. साऱ्याइले सिलोनवरची शिनेमाची गाणी पायजे. सरपंच गुणवंतराव म्हणाले, "उद्या माणसं जमली नाई, तं किल्ली दुसऱ्याले देतो."

वारलूनं गुपचूप सिलोन लावून पाह्यलं. दर गाण्यामागं कोण्या मलमाचं नाव! त्याले वाटलं, हे तं आपल्या गावच्या दंडारीच्या नाचगाण्यावानीच हाय. जो बक्षीस देते, त्याचं नाव नाच्या मोठ्यानं घेते. मंग सरकारी भाषणाले बक्षीस काऊन नाई?

दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या रुखमाबाईले पहिलं बक्षीस बोलाले लावलं. नागपूरचा किडीवाला दम घ्याले थांबला, तसा वारलू खाटेवर चढून वरडला, "ह्या भाषणाले रुखमाबाईकडून सूपभर झिंगे!" लगेच तिच्या जावेनं, कुंतानं, भोपळ्याचं बक्षीस बोललं. आपलं नाव आयकाले सारं गाव लोटलं.

गुणवंतराव हासले. "ठेव किल्ली. पण हे बक्षीस नागपूरले नेईन कोण?"

"भाऊ, सरकार तिथी जेवलं असन," वारलू म्हणाला. "झिंगे इथीच रांधू."