दादाचा उजवा डोळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तेही अडखळतच.

कामतघरच्या आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. फी दादानं भरली, बारा-बारा तास कापड विणायच्या लूमवर उभं राहून. मला वडपेच्या गोदामात कारकुनी लागली. पहिला पगार झाला — तो मी नव्या मोबाईलवर उडवला. घरी काय न्यायचं? त्याच दिवशी गोदामात जेवण होतं. उरलेली चिकन बिर्याणी संध्याकाळपर्यंत पत्र्याखाली तापत पडली होती. साहेब म्हणाले, फेकून द्या. मी डबा भरला आणि घरी सांगितलं — विकत आणली.

वहिनीनं वास घेऊन ताट सरकवलं.

"टाकतीस काय? माज्या भावाच्या पगाराची हाय," म्हणत दादानं तिचाही वाटा संपवला.

चार दिवस त्याला ताप, जुलाब. मी म्हटलं, पाण्यानं झालं असेल.

तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, उजवा डोळा लाल झाला. उजेड सोसवेना. गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, हल्ली पोट बिघडलं होतं का? दादानं माझ्याकडे बोट केलं. "ह्यो सांगंल. शिकलेला हाय." बँकेत, दवाखान्यात त्याच्या वतीनं मीच बोलायचो.

मी म्हणालो — नाही.

हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न कोणता आला असता? काय खाल्लं होतं? दादानं माझ्याकडे पाहिलं. जुलाब त्याला आठवत नव्हते असं थोडंच आहे? पण मी नाही म्हणतोय म्हणजे त्याला काही अर्थ असणार, असं त्याला वाटलं असावं. तो गप्प राहिला. डोळे आलेत म्हणून थेंब मिळाले. महिनाभर मीच ते घालत होतो.

मग ठाण्याला मोठ्या डॉक्टरीणबाई. सूज डोळ्याच्या आत होती, बाहुली आत चिकटली होती. पोटातल्या जंतूंनंतर काहींना असं होतं, त्या म्हणाल्या. आधी जुलाब झाले होते का?

या वेळी मी खरं सांगितलं. सगळं — बिर्याणीसकट. पण इंग्रजीत. शेजारी बसलेल्या दादाला कळू नये म्हणून.

त्या डोळ्यानं आता धुरकट दिसतं. तुटलेला धागा सापडत नाही, म्हणून लूम सुटला. तो कांड्यांवर सूत भरायच्या कामाला जातो.

त्या दिवशी ठाण्याहून घरी आल्यावर दादा वहिनीला म्हणाला, "डाक्टरीनसंगं इंग्लिशमदी बोलला आपला. एकदा पन अडला न्हाय."

मी पायातले बूट काढत होतो. काढत राहिलो.